रविवारचं गोड शुक्रवारीच सुरू करा

आई-बाबा दोघंही नोकरी करतात अशा घरात शनिवार-रविवार म्हणजे सुट्टी कमी आणि थकबाकीची वसुली जास्त असते. आठवडाभर पुढं ढकललेलं सगळं याच दोन दिवसांत दारात येऊन उभं राहतं. दळण आणायचं, इस्त्रीचे कपडे द्यायचे, एकाची पालकसभा, दुसरीचा पोहण्याचा क्लास, आजींची रक्ततपासणी, वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचं बोलावणं. त्यात कामाच्या मावशींनी नेमकी रविवारचीच सुट्टी घेतलेली. संध्याकाळी सात वाजता जरा पाठ टेकावी तर मुलं विचारतात, "आज काहीतरी गोड करूया ना?" मग एक तर मोबाइलवरून आइस्क्रीम मागवलं जातं, नाहीतर आई नाहीतर बाबा चिडचिड करत कढईत रवा भाजायला घेतात.

हे दोन्ही टाळता येतं, आणि त्यासाठी जादा वेळही काढावा लागत नाही. पदार्थ तेवढा नीट निवडावा लागतो आणि त्याची सुरुवात दोन दिवस आधी करावी लागते. या लेखात त्यासाठी श्रीखंड निवडलं आहे, कारण श्रीखंडाला वेळ भरपूर लागतो, पण तो वेळ तुमचा नसतो. दही आपलं आपण लागतं, चक्का आपला आपण निथळतो, साखर आपली आपण विरघळते. तुम्ही त्या वेळात पालकसभेला जाऊन येऊ शकता.

आधी कामं गाळा

गोडाचा विचार करण्याआधी दोन दिवसांच्या यादीला कात्री लावायला हवी. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की दोघांनी दहा मिनिटं बसावं, मोठी मुलं असतील तर त्यांनाही बसवावं आणि कामांचे तीन गट करावेत. पहिल्या गटात याच दोन दिवसांत आणि आपणच केली पाहिजेत अशी कामं. दुसऱ्यात घरातला दुसरा कुणी करू शकेल किंवा दुकानदार घरपोच देईल अशी. तिसऱ्यात पुढच्या आठवड्यात गेली तरी काही बिघडणार नाही अशी. माळा आवरणं, जुनी खेळणी वेगळी काढणं ही बहुधा तिसऱ्या गटातली कामं असतात, तरी दर शनिवारी ती पहिल्या गटात घुसतात.

यादी करताना काही गोष्टी ठाऊक असल्या तर फुकटची फेरी वाचते. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, तेव्हा बँकेचं काम पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारीच लावा. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू आहे, म्हणून शनिवारी तहसील कार्यालयात जाऊन दाखला मिळणार नाही. उत्पन्नाचा, अधिवासाचा अशा दाखल्यांसाठी 'आपले सरकार' पोर्टलवर घरूनच अर्ज करता येतो. मुंबई-ठाण्याकडे राहत असाल तर नातेवाइकांकडे जाण्याचा बेत रविवारचा मेगाब्लॉक बघून मगच ठरवा. जी भेट शनिवारी दुपारी तासाभरात उरकली असती, तीच रविवारी फलाटावर अर्धा दिवस खाते.

आणखी एक काम शुक्रवारीच करावं, ते म्हणजे दप्तराची तपासणी. वही उघडून, शाळेचा ग्रुप चाळून सोमवारी काय न्यायचं आहे ते बघा. रविवारी रात्री नऊ वाजता "उद्या चार्टपेपर लागणार आहे" हे ऐकण्यापेक्षा शुक्रवारी रात्री ऐकलेलं केव्हाही बरं. अभ्यास आणि प्रकल्प शनिवारी सकाळी संपवले की रविवारची संध्याकाळ मोकळी राहते. गोडाच्या वाटीइतकाच तो मोकळा वेळही महत्त्वाचा आहे.

शुक्रवार रात्र: विरजण

चार माणसांसाठी एक लिटर दूध पुरतं. पिशवीवर 'फुल क्रीम' लिहिलेलं घ्या. नियमाप्रमाणे त्यात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात तो 3 टक्के असतो. त्याचंही दही लागतं, पण चक्का कमी निघतो आणि श्रीखंड जिभेला रवाळ लागतं. चांगलं म्हशीचं सुटं दूध मिळत असेल तर उत्तमच.

दूध उकळून निवत ठेवा आणि अधूनमधून ढवळत राहा. साय वर धरली तर पुढे तिच्या गुठळ्या होतात, ढवळलं की ती दुधातच मुरते. बोट बुडवल्यावर ऊब लागेल पण चटका बसणार नाही, इतकं दूध कोमट झालं की लिटरला एक चहाचा चमचा विरजण घ्या, ते वाटीत थोड्या दुधात फेटा आणि मग सगळ्या दुधात मिसळा. विरजण गोडसर, ताज्या दह्याचं हवं. आंबट विरजणाचं दही आंबट होतं आणि मग त्या श्रीखंडात कितीही साखर घातली तरी आंबटपणा डोकावतोच.

उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं, थंडीत आठ-दहा तास लागतात. थंडीच्या दिवसांत भांडं जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा रिकाम्या कुकरमध्ये झाकून ठेवा. उन्हाळ्यात झोपायला उशीर होणार असेल तर विरजणही उशिराच लावा, म्हणजे सकाळपर्यंत दही आंबणार नाही. या सगळ्यात तुमचा वेळ जातो तो दूध उकळण्याचा आणि विरजण फेटण्याचा. तेवढ्यात कामांची यादीही होते.

शनिवार: तुम्ही बाहेर, चक्का घरात

सकाळी उठल्याबरोबर दह्याचं भांडं फ्रिजमध्ये ठेवा. तासाभरात दही घट्ट होतं आणि कापडावर ओतताना मोडत नाही. डबे भरून, चहा घेऊन होईपर्यंत तो तास निघून जातो.

कापड स्वच्छ मलमलचं किंवा पातळ सुती पंच्याचं घ्या. साबणाचा वास राहिलेलं कापड श्रीखंडाची चव घालवतं, म्हणून ते नुसत्या पाण्यात उकळून वाळवलेलं हवं आणि शक्यतो याच कामासाठी वेगळं ठेवलेलं. पुरचुंडी बांधून खाली पातेलं ठेवा आणि नळाला किंवा खुंटीला टांगा. आजी रात्रभर टांगायच्या, पण त्यांच्या घरात थंडावा असायचा. सिमेंटच्या घरात एप्रिल-मे महिन्यात दिवसभर टांगलेलं दही संध्याकाळपर्यंत हमखास आंबतं. दह्यातले जिवाणू उबेत झपाट्यानं आम्ल तयार करतात, गारव्यात त्यांचा वेग मंदावतो. म्हणून सुरुवातीला तासभरच बाहेर टांगा. मोठं पाणी निथळलं की पुरचुंडी चाळणीत ठेवा, चाळणीखाली पातेलं आणि पुरचुंडीवर पाण्यानं भरलेला छोटा डबा वजन म्हणून ठेवा, आणि हे सगळं फ्रिजमध्ये सरकवा. आता रात्रीपर्यंत त्याच्याकडे बघायचं कारण नाही.

घराबाहेरची कामं याच वेळात उरका. कामं दिशेनुसार बांधली तर फेऱ्या कमी होतात. क्लासच्या रस्त्यावर गिरणी असेल तर दळण जाताना टाका, येताना उचला. मुलगी पोहत असते त्या पाऊण तासात शेजारच्या मंडईतून आठवड्याची भाजी आणता येते. आई एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला गेले, तर दोघांनी मिळून दोन्हीकडे जाण्यापेक्षा निम्म्या वेळात परत येता येतं. क्लासबाहेर दोघांनी शेजारी बसून आपापला मोबाइल बघण्यात काही कौटुंबिक जिव्हाळा नसतो.

बाजारातून आणायच्या वस्तू थोड्याच आहेत: केशर, वेलदोडे, जायफळ, चारोळी. बहुतेक घरांत त्या असतातच. डबे उघडून बघा म्हणजे झालं. चारोळी जुनी असेल तर एक दाणा चावून पाहा. खवट लागली तर ती न घातलेली बरी.

रात्री जेवणानंतर चक्का तपासा. तो कापडापासून सहज सुटला आणि ताटलीत ठेवल्यावर पसरला नाही, तर झाला म्हणून समजा. दुधाच्या प्रतीप्रमाणे एका लिटरचा साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का निघतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर अंदाजपंचे काम करावं लागत नाही. जुन्या पद्धतीत चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालतात. आजच्या चवीला पाऊण पट पुरते. दही गोड असेल तर निम्मीसुद्धा चालते. साखर शनिवारी रात्रीच चक्क्यात कालवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवून द्या. साधी साखर घेतली तरी सकाळपर्यंत ती पूर्ण विरघळते. साखर विरघळताना चक्क्याला पाणी सुटतं, म्हणून चक्का आधी घट्टच हवा. कमी निथळलेल्या चक्क्याचं श्रीखंड साखर घातल्यावर वाहायला लागतं, ते याच कारणानं.

रविवार: पुरणयंत्र मुलांच्या हाती

रविवारी दुपारी, जेवणानंतर आणि झोपेआधी, वीस मिनिटांचं काम उरतं. चक्का-साखर पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून फिरवा. पुरणयंत्र नसेल तर स्टीलच्या मैद्याच्या चाळणीवर घालून वाटीच्या बुडानं घासत गाळा. मिक्सरचा मोह आवरा. त्यात श्रीखंड गुळगुळीत होतं, पण पातळही होतं आणि मग ते पुन्हा घट्ट होत नाही.

केशराच्या पाच-सात काड्या गरम पळीत क्षणभर शेकून चुरा आणि चमचाभर कोमट दुधात भिजवा. तसं केलं तर रंग आणि वास दोन्ही उतरतात. केशर थेट चक्क्यात टाकलं तर नुसत्या काड्या दिसतात. लिटरभर दुधाच्या श्रीखंडाला चार-पाच वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर जायफळ पुरे. जायफळ जास्त झालं की कडवट लागतं. चवीला चिमूटभर मीठ घातलं तर गोडी उठून येते. वरून चारोळी पेरा, झाकण लावा आणि किमान दोन तास थंड होऊ द्या.

ही वीस मिनिटं मुलांना द्यायची असतात. पाच-सहा वर्षांचं मूल वेलदोडे सोलतं, चारोळी पेरतं. आठ-दहा वर्षांचं मूल पुरणयंत्राचा दांडा फिरवतं आणि काट्यावर वजन करतं. चारशे ग्रॅमचं पाऊण पट किती, हे त्याला विचारलं तर गणिताचा अभ्यासही होऊन जातो. आठवी-नववीतल्या मुलानं शनिवारी रात्री साखर कालवण्यापासूनचं सगळं एकट्यानं करायला हरकत नाही, आणि मुलगा असेल तर नक्कीच करावं. ओटा चिकट होईल, चमचे चाटले जातील. त्यावर बोलू नका. ओटा पुसण्याचं कामही त्यांनाच द्या.

पुरीचं काय? श्रीखंड म्हटलं की पुरी, बटाट्याची भाजी आणि मसालेभात डोळ्यांपुढं येतो. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला ते शोभतं. रविवारी संध्याकाळी पुऱ्या तळायला कढईसमोर उभं राहिलात तर वाचवलेली सगळी विश्रांती तिथंच संपेल. घडीच्या गरम पोळ्या करा, नाहीतर मुगाच्या खिचडीनंतर नुसती वाटीभर द्या. ताटात काय कमी आहे, याचा हिशेब रविवारी कुणी ठेवत नाही.

बिघडलं तर

श्रीखंड पातळ झालं तर त्यात कॉर्नफ्लोअर वगैरे घालून घट्ट करायला जाऊ नका. डेअरीतून थोडा चक्का आणून मिसळा. ते शक्य नसेल तर सफरचंद, चिकू, डाळिंबाचे दाणे अशी फळं घालून गार वाढा. मुलांना तेच जास्त आवडण्याची शक्यता आहे. आंबट झालं तर नुसती साखर वाढवू नका, दोन चमचे ताजी साय फेटून मिसळा. रवाळ लागलं तर चमचाभर साय घालून आणखी एकदा चाळणीतून काढा.

आंब्याच्या दिवसांत आम्रखंड करणार असाल तर हापूसचा रस घट्ट आणि अजिबात आंबट नसलेला हवा. रस पातळ वाटला तर मंद आचेवर थोडा आटवून, पूर्ण गार करून मगच चक्क्यात घाला. डब्यातल्या रसात बहुतेक वेळा आधीच साखर असते. डब्यावरचं वाचून त्या मानानं आपली साखर कमी करा.

पुरचुंडीखाली जमलेलं पिवळसर पाणी टाकून देऊ नका. एक लिटर दह्यातून ते अर्ध्या लिटरच्या आसपास निघतं. त्यात कणीक भिजवली तर पोळ्या मऊ होतात. थालीपिठाचं पीठही त्यात मळता येतं. बेसन लावून, आलं-मिरचीची फोडणी घालून रविवारच्या खिचडीबरोबर त्याची कढी होते. अशा रीतीनं गोडाबरोबर तिखटाचीही सोय लागते.

वाटी लहान ठेवा

घरी केलेलं म्हणजे हवं तेवढं खावं, असं नाही. चारशे ग्रॅम चक्का आणि तीनशे ग्रॅम साखर मिळून सातशे ग्रॅम श्रीखंड होतं. म्हणजे त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त साखर असते. पन्नास ग्रॅमच्या छोट्या वाटीतही एकवीस-बावीस ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे साखर पोटात जाते. वरून घातलेली साखर, मध आणि रस मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2015 चं मार्गदर्शन सांगतं. रोज 2000 उष्मांक घेणाऱ्या प्रौढासाठी ते सुमारे 50 ग्रॅम होतात. मुलांचा आहार कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी. शाळांतून साखरेच्या माहितीचे फलक लावण्याची सूचना सीबीएसईनं 2025 मध्ये दिली, ती याच काळजीपोटी.

याचा अर्थ गोड बंद करा असा नाही. त्या दिवशी बिस्किटं, सरबत, चॉकलेट बाजूला ठेवा, साखर निम्म्यापर्यंत आणून पाहा आणि लहान वाट्या काढा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला साखर घातलेलं श्रीखंड देऊ नये. घरात मधुमेह असलेले आजी-आजोबा असतील तर साखर घालण्याआधी त्यांच्यापुरता चक्का वेगळा काढा. मीठ, जिरेपूड, काकडी घालून त्याची छान कोशिंबीर होते. मूल पाच वर्षांखालचं असेल तर काजू-बदाम तुकडे करून न घालता पूड करूनच घाला. उरलेलं श्रीखंड झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर चार-पाच दिवस टिकतं, पण डब्यात ओला किंवा उष्टा चमचा जाता कामा नये.

शुक्रवार हुकला तर

असं होतंच. ऑफिसातून यायलाच रात्रीचे दहा वाजतात, विरजण लावायचं राहून जातं. मग रविवारी सकाळी जवळच्या डेअरीतून तयार चक्का आणा. आंबट नाही ना, हे तिथंच चाखून घ्या. पाडव्या-दसऱ्याच्या आसपास तो सगळीकडे मिळतो, एरवी आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. परदेशातली मराठी घरं साखर नसलेलं ग्रीक योगर्ट दोन-तीन तास कापडात टांगून हेच काम करतात. पिठीसाखर घातली तर तासाभरात गाळायला घेता येतं.

तेही जमलं नाही तर आपल्याकडे आणखी दोन जुनी गोडं हाताशी आहेत. केळ्याचे काप, गार दूध, चमचाभर साखर आणि वेलदोड्याची पूड घातली की शिकरण होतं. ते करून लगेच खायचं, ठेवलं तर काळं पडतं. दुपारच्या पोळ्या उरल्या असतील तर त्या कुस्करून, मिक्सरमधून काढून किसलेला गूळ आणि पातळ केलेलं तूप घालून लाडू वळा. दहा मिनिटांत होतात, आणि मुलांनी वळलेले वेडेवाकडे लाडूही तेवढ्याच लवकर संपतात. ज्या रविवारी दोघंही पार थकलेले असतील त्या रविवारी हेच करा. गुलाबजाम आणि पुरणपोळी लांबच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

दर आठवड्याला हे जमवायची गरज नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी जमलं तरी पुष्कळ. तेव्हा येत्या शुक्रवारी घरी येताना एक लिटर फुल क्रीम दूध जास्त घ्या आणि झोपण्याआधी विरजण लावा. बाकीचं काम दही करेल.